१.३ लिटर टर्बो-डिझेल इंजिन: कोकणातल्या गाडीमालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकं कोणतं इंजिन? माझ्या गाडीत तेच आहे हे कसं ओळखायचं?

फियाटने २००३ साली आणलेलं १.३ मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. नावं वेगळी असली तरी आतला लोखंडी ब्लॉक, दोन कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन मुळात एकाच आराखड्याची. मारुतीसाठी ते फियाटच्या परवान्याने मानेसरला बनायचं, टाटा आणि फियाटसाठी पुण्याजवळ रांजणगावला. २००७ ची स्विफ्ट डिझेल, मग डिझायर, रिट्झ, एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, विटारा ब्रेझा, टाटाच्या व्हिस्टा, मांझा, झेस्ट, बोल्ट, फियाटच्या पुंतो आणि लिनिया, शेवरोलेची सेल. या गाड्यांच्या बहुतेक डिझेल मॉडेलांत हेच इंजिन.

आरसी बुकवर सीसीचा आकडा बघा. १२४८ असेल तर हे पान तुमच्यासाठी. बीट डिझेलचं ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन याच घराण्यातलं, पण पार्ट सगळे जुळत नाहीत. मारुतीने २०१९ साली आणलेलं १४९८ सीसीचं डिझेल पूर्णपणे वेगळं आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं, त्यामुळे रस्त्यावरची या इंजिनाची सर्वांत नवी मारुतीही आता काही वर्षं वापरलेलीच मिळणार.

कागदावरची मापं काय आहेत?

चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. स्विफ्टमध्ये कॉम्प्रेशन रेशो १७.६:१. साध्या टर्बोच्या आवृत्तीत ४००० आरपीएमला ७५ पीएस आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क. व्हीजीटी (आतली पाती हलणाऱ्या) टर्बोच्या आवृत्तीत ९० पीएस आणि १७५० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर. फियाटने आपल्या गाड्यांत आकडे थोडे वर-खाली ठेवले. डिझेल कॉमन रेलमधून, म्हणजे चारही सिलिंडरांना जास्त दाबाने पुरवणाऱ्या एकाच नळीतून जातं, एका पॉवर स्ट्रोकला ते अनेक छोट्या हप्त्यांत फवारलं जातं. मल्टिजेट हे नाव त्यावरूनच पडलं आणि जुन्या डिझेलची खडखड कमी झाली तीही त्यामुळेच.

घाटासाठी ७५ बरं की ९०?

ओढायला ९०. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना वळणावर वेग पडतो, आरपीएम १८०० च्या खाली जातो आणि ७५ पीएसची गाडी मेल्यासारखी होते. टर्बो जागा होईपर्यंत मागचा ट्रक हॉर्न मारायला लागतो. उपाय सोपा आहे: वळणाआधीच दुसरा गिअर टाका आणि सुई २००० ते ३००० च्या मध्ये ठेवा. तिसऱ्यात रेटत चढवली तर क्लच आणि इंजिन माउंटिंग दोन्ही भोगतात, आणि काजळीही जास्त धरते.

निगराणीला मात्र ७५ सोपं. व्हीजीटीच्या हलत्या पात्यांत काजळी बसते, ती अडकतात, चेक लाइट लागतो आणि गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ताकद आपोआप कमी करून घेते. नेहमीचा वापर बाजार ते घर असा तीन-चार किलोमीटरचा असेल तर ७५ घ्या.

इंजिन किती चालतं?

वेळेवर ऑइल बदललेली इंजिनं अडीच-तीन लाख किलोमीटर उघडल्याशिवाय चालतात, वडापच्या धंद्यातल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. सत्तर-ऐंशी हजारांत फुल इंजिन काम निघालेल्या गाड्याही आहेत. चौकशी केली तर कारण बहुतेक वेळा तीनांतलं एक निघतं: ऑइल ताणलं, पाणी आत गेलं किंवा गाडी गरम झाल्यावरही चालवली. इंजिनाच्या आराखड्यात मोठी खोट नाही.

ऑइल कोणतं, किती आणि कधी बदलायचं?

फिल्टरसह सुमारे तीन लिटर बसतं. मॉडेलनुसार थोडा फरक आहे, त्यामुळे शेवटचा पाव लिटर डिपस्टिक बघत ओता. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलीच वापरा: मारुतीच्या बहुतेक मॉडेलना ५डब्ल्यू-३०, फियाटला ५डब्ल्यू-४०. ट्रॅक्टर आणि पिकअपसाठी दुकानात असतं ते जाड ऑइल स्वस्त पडतं म्हणून घालू नका. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि टर्बोच्या शाफ्टला आधारही ऑइलच्या पातळ थराचाच आहे.

मारुती १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते, टाटा-फियाटच्या पुस्तकात १५ हजार आहे. कोकणात १५ हजारांची वाट बघू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दमट हवा, छोट्या फेऱ्या आणि घाटातली चढण या तिन्हींनी ऑइल लवकर थकतं. ८ ते १० हजार किंवा वर्ष, जे आधी येईल ते धरा. गाडी वर्षात तीनच हजार चालली असली तरी पावसाळा संपल्यावर बदला.

लेव्हल बघताना गाडी सपाटीवर असू द्या, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. अंगण उतरतं असेल तर डिपस्टिक खोटं बोलते. दोन सर्व्हिसिंगमध्ये अर्धा लिटर कमी होणं चालतं. लिटरभर घालावं लागत असेल तर टर्बो, ब्रीदर आणि पुढच्या कव्हरची गळती या क्रमाने शोधा.

टायमिंग चेन आहे, म्हणजे बदलायची गरजच नाही ना?

हा समज बऱ्याच जणांना महागात पडला आहे. बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलायची नसली तरी चेन झिजते आणि लांबते. जुन्या ऑइलमध्ये काजळी साठते, ती पिनांना घासते, शिवाय टेन्शनरला दाब कमी मिळतो. मग सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर पुढच्या बाजूने, म्हणजे पट्ट्याच्या बाजूने, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा दोन-तीन सेकंद आवाज येतो. सुरुवातीला तो लगेच थांबतो. पुढे गरम इंजिनातही येऊ लागला की दिवस मोजायला लागा. स्कॅनरवर पी००१६ हा कोड दिसत असेल तर कॅम आणि क्रँक यांचा मेळ चुकला आहे, तेव्हा सेन्सर बदलत बसण्याआधी चेन बघा.

चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. रॉकर मोडतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं.

काम करायचं तर पूर्ण किट घाला: चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट आणि पुढचं क्रँक ऑइल सील. नुसती चेन बदलून जुने गाइड ठेवले तर सहा महिन्यांत पुन्हा तोच खर्च. कॅम आणि क्रँक जागेवर धरायला लॉकिंग टूल लागतं. पेंटच्या खुणा करून अंदाजे बसवणाऱ्याकडे हे काम देऊ नका. पुढचं कव्हर लिक्विड सीलंटवर बसतं. जुना सीलंट खरवडताना त्याचे तुकडे सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, पडू देऊ नका, ते ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात.

पाण्यातून गाडी काढताना बंद पडली. पुढे काय करू?

पुन्हा सेल्फ मारू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त असल्याने पेट्रोल गाडीपेक्षा इथे नुकसान लवकर होतं. कधी रॉड थोडासाच वाकतो, गाडी चालू होते, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

गाडी ढकलून कोरड्यावर आणा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा आणि डब्यात पाणी नाही, असं असेल तर बहुधा वाचलात, बंद पडण्याचं कारण ओला कनेक्टर असू शकतं. फिल्टर भिजला असेल तर गाडी टोइंगनेच गॅरेजला न्या. तिथे ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारे) काढून क्रँक हाताने पान्याने फिरवतात, पाणी भोकातून बाहेर येतं. जुन्या इंजिनात ग्लो प्लग गंजून घट्ट बसलेले असतात, जोर लावला तर मोडतात. भेदक तेल रात्रभर मुरू द्या आणि मगच खोला. पाणी काढल्यावर चारही पिस्टन वरच्या टोकाला सारख्याच उंचीला येतात का ते मोजून घ्या. एखादा कमी आला तर त्याचा रॉड वाकला आहे.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांत चिखलही गेला होता. अशा गाडीचं इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल फिल्टर आणि टाकीतलं डिझेल हे सगळं काढल्याशिवाय चावीसुद्धा फिरवू नये. विम्याचंही बघा: पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. ते एप्रिल-मेमध्येच बघून ठेवा.

आणि पाण्यातून जावंच लागलं तर: चाकाच्या अर्ध्यावर पाणी असेल तर थांबा. पहिला गिअर, १५०० ते २००० आरपीएम, एकच वेग. समोरून एसटी येत असेल तर आधी तिला जाऊ द्या, तिने उसळवलेली लाट थेट ग्रिलवर येते.

डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबांचं पिवळं चिन्ह लागलं आहे. चालवू का?

जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठलं आहे. पुढचा हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पाणी त्यात गेलं की गंज आणि ओरखडे येतात, धातूचा चुरा रेलमधून इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग पंप, रेल, चारही इंजेक्टर आणि टाकीची सफाई असं एकत्र बिल येतं.

पाणी काढायला चावी बंद करा, फिल्टरखाली पारदर्शक बाटली धरा आणि खालचा ड्रेन स्क्रू दोन-तीन आटे सैल करा. आधी पाणी येईल, मग स्वच्छ डिझेल. डिझेल येऊ लागलं की स्क्रू हाताने घट्ट करा. हातपंप असेल तर कडक लागेपर्यंत दाबा, नसेल तर चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून मगच सेल्फ मारा. बाटली तासभर ठेवून द्या, किती पाणी होतं ते खाली दिसतं. लाइट आठवड्यात पुन्हा लागला तर टाकी रिकामी करून धुवा.

किनाऱ्यालगत फिल्टर २० हजार किलोमीटरला बदला आणि पावसाआधी एकदा ड्रेन करा. जुलै-ऑगस्टमध्ये कमी खपाच्या पंपापेक्षा जिथे रोज टँकर रिकामे होतात असा पंप बरा. शंका आली तर पाणी तपासायची पेस्ट लावून दाखवा असं सांगा, पंपावर ती असते.

खाऱ्या हवेचा इंजिनावर काय परिणाम होतो?

इंजिनाच्या आत फारसा नाही. बाहेर मात्र बराच. सर्वांत आधी जातात त्या अर्थिंगच्या पट्ट्या. बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी वेणीची वायर आतून हिरवी पडते. बाहेरून धड दिसते, पण सेल्फ जड फिरतो आणि सेन्सर भलतेच कोड दाखवतात. मीटरने बघा: सेल्फ फिरत असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनचा धातू यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर बदला. शेकड्यातल्या वायरसाठी लोकांनी ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) दुरुस्तीला पाठवलेले आहेत.

त्यानंतर रेडिएटरच्या जाळ्या. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ले अशा ठिकाणी समुद्रासमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या जाळ्या बोट लावलं की भुगा होऊन गळतात. नळी गळत नसते म्हणून मिस्त्रीही रेडिएटर चांगला म्हणतो, पण उष्णता टाकायला जाळीच उरलेली नसते. सुरूच्या बनाखाली गाडी लावत असाल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत त्या काड्यांची गादी तयार होते. वर्षातून एकदा दोन्ही सैल करून मधून साफ करा.

दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले अशा फेरीबोटींच्या रॅम्पवर भरतीला चाकं खाऱ्या पाण्यात जातात. त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि हौसेने पुळणीवर गाडी घालू नका.

गाडी गावाला उभी असते. गणपतीला आणि शिमग्यालाच चालते. काय काळजी घ्यावी?

जाताना टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा थंड होऊन तिचं पाणी डिझेलमध्ये उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. घरी कोणी असेल तर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं चालवायला सांगा. नुसती अंगणात चालू ठेवून उपयोग नाही, त्याने काजळी वाढते आणि ऑइल पुरेसं तापत नाही.

परत आल्यावर सेल्फ मारण्याआधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी पेंढा, तूस, सुपारीची सालं भरलेली सापडतात. कधी कागदी फिल्टरच कुरतडलेला असतो. तसाच चालू केला की तो कचरा थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी डोळ्यांनी तपासा.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. ग्लो प्लग बदलू?

आधी नको. रत्नागिरी-मालवणकडे थंडीतही पारा क्वचितच १५ च्या खाली जातो, तेवढ्यात हे इंजिन ग्लो प्लगशिवायही उठतं. आधी बॅटरी: उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको. मग डिझेल एअर घेतंय का: फिल्टरच्या जोडणीला ओल, चिरलेला रबरी पाइप. मग स्कॅनरवर रेल प्रेशर. सेल्फ मारताना ते साधारण २०० बारच्या वर गेलं नाही तर इंजेक्टर उघडतच नाहीत.

प्रेशर कमी असेल तर पंप बदलण्याआधी लीक-ऑफ टेस्ट करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपना चार सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवा. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली की दोषी सापडला. टेस्टला खर्च जवळजवळ नाही, आणि तरी ती न करता पंप बदलायला सांगणारे भेटतात.

इंजेक्टरभोवती डांबरासारखं काळं जमलं आहे, फुस्‌फुस् आवाज येतो.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेला आहे. ज्वलनाचा वायू बाजूने बाहेर येतोय. काम छोटं आहे, पण टाळू नका. ते डांबर कडक झालं की इंजेक्टर हेडमध्ये चिकटतो आणि ओढून काढताना मोडतो. इंजेक्टर काढून बैठक कटरने साफ करायची, नवा वॉशर, क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचनेच. जुना वॉशर तापवून पुन्हा वापरू नये. इंजेक्टरच बदलला आणि त्यावर कोड छापलेला असेल तर तो ईसीयूत भरून घ्या.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा: हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा पाइप, अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). टर्बो गेला असं सांगितलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लॅम्प निसटलेला असतो, आधी सगळे रबरी पाइप हाताने चाचपून बघा. पांढरा आणि डोळे झोंबणारा: न जळलेलं डिझेल. पांढरा, गोडसर वासाचा, आणि कूलंटही कमी होतोय: हेड गॅस्केट.

निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इथे एक धोका ओळखून ठेवा. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावू लागतं. आरपीएम आपोआप चढतो, मागे निळ्या धुराचा लोट उठतो, चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, पाचवा गिअर टाकून क्लच एकदम सोडा आणि इंजिन दाबून बंद पाडा. बॉनेटमध्ये हात घालू नका.

पीयूसीला बीएस-४ डिझेलसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५.

ईजीआर बंद करून टाकला तर पिकअप वाढतो म्हणतात.

अडकलेला ईजीआर बंद केला की फरक वाटणारच. साफ केला तरी तेवढाच वाटतो. बंद करणं प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही आणि ईसीयू कोड दाखवत राहतो. ५० हजारांना काढून क्लीनरने धुवा, मोटारीच्या बाजूला द्रव जाऊ देऊ नका, गॅस्केट नवं घाला. या गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, त्यामुळे ती डोकेदुखी तरी नाही.

कूलंटऐवजी विहिरीचं पाणी चालेल का?

अडचणीत एकदा चालेल, मग काढून टाका. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते अॅल्युमिनियमचं हेड आतून खातं. इथे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य हवंच. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला गळतीचे पांढरे-गुलाबी डाग दिसले तर लगेच बदला. काटा लाल रेषेकडे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, बाजूला थांबा, आणि अर्धा तास टोपी उघडू नका.

जुनी घेताना काय बघू?

आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी बघायला जा. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागली तर दुसऱ्या दिवशी या. चेनचा आवाज ऐका. चालू इंजिनात ऑइलची टोपी सैल करा: थोडी वाफ ठीक, टोपी उडायला लागली तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. टोपीखालचं ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे. पुराची शंका असेल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि स्पेअर व्हीलच्या खाचेत बोट फिरवा, गाळ तिथे उरतोच.

पंधरा वर्षं होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरणाचा खर्च भावात धरा. आरटीओत फॉर्म २५, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांची मुदत मिळते. डिझेलला दहा वर्षांची अट दिल्ली परिसरातली आहे, महाराष्ट्रात नाही. पण दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून घेत असाल तर एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.